गावाशेजारी ३८ एकरांची टाउनशिप होतेय, घेणारे-विकणारे-वैतागलेले सगळ्यांनी बोला

गिरणाकाठचा | ८ जून, रात्री ९.५०

गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच. जळगावपासून मोटरसायकलवर वीस-पंचवीस मिनिटं, गिरणेच्या अंगाचं गाव, काळी जमीन, केळी आणि कपाशी. पाळधी-तरसोद बायपासचं काम निघालं तेव्हापासून इकडे एजंट लोकं फिरायला लागली होती, तेव्हा आम्ही हसायचो की इथं कोण राहायला येईल. आता गावाला लागून ३८ एकर एकगठ्ठा गेले आणि ५६० प्लॉटचा लेआउट पडलाय. ५६० घरं म्हणजे घरटी पाच माणसं धरली तरी २८०० माणूस, आमचं अख्खं गाव तीन हजाराच्या आतबाहेर. म्हणजे गावाशेजारी गावाएवढंच दुसरं गाव.

मी विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर सुरू होतील इथं. माझ्या स्वतःच्या भावाला शहरात वन बीएचके परवडत नाही. पण दोन गोष्टी डोक्यात बसल्यात.

एक म्हणजे शिवेचा रस्ता. आमची खालची वावरं त्या रस्त्याने. तिथं आता कमान, गेट आणि वॉचमन. वॉचमन पोरगा बाहेरचा, चांगला आहे बिचारा, त्याला जे सांगितलंय ते करतो. परवा मला थांबवून रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, कुणाला भेटायचं, कारण. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, स्वतःच्या शेतात जाणे. भेटायचं कुणाला तिथं काय लिहू सुचेना, शेवटी केळी लिहिलं.

दुसरं म्हणजे लेंडी नाला. उन्हाळ्यात कोरडा असतो म्हणून बाहेरच्याला तो खड्डाच वाटतो. लेआउटच्या नकाशात नाल्याच्या जागी हिरवा रंग मारून 'लेक व्ह्यू गार्डन' लिहिलंय आणि खाली दोन फुटी सिमेंटच्या दोन नळ्या टाकून वर मुरूम. लेक कुठला ते विचारू नका, मलाही दिसला नाही.

तुमच्या भागात असं झालं असेल तर सांगा, पुढं काय केलं तेही सांगा.

पुण्यातून_अधूनमधून | ८ जून, रात्री १०.१५

आलं खान्देशात काही की लगेच रडारड सुरू. पंधरा वर्ष झाली मी पुण्यात भाड्याने राहतोय आणि आईबाबा गावाकडं. मला परत यायचंय पण गल्लीतल्या घरात गाडी लावायला जागा नाही, गटार उघडी. कुणी नीट रस्ते, लाईट, कंपाउंड करून प्लॉट देतोय तर काय वाईट? शहर वाढणारच. मेहरूण, पिंप्राळा ही पण एकेकाळी वेगळी गावंच होती ना, आज तिथल्या लोकांना विचारा परत शेती पाहिजे का म्हणून.

उधन्याचा_खान्देशी | ८ जून, रात्री १०.४०

पुणेकर भाऊंशी अर्धा सहमत. आम्ही सुरतेत उधन्याला अर्धा खान्देश भरलाय, प्रत्येकाच्या मनात एकच, रिटायर झालो की गावाकडं छोटं घर. एजंट लोकांना हे बरोब्बर माहिती आहे, इथं उधन्यात येऊन मंडप टाकून नाश्ता देऊन बुकिंग घेतात. माझ्या साडूने फक्त मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन लाख दिले. व्हिडिओत कारंजं होतं. मी विचारलं अरे पाणी कुठून येणार, तो म्हणे कारंजं चालू आहे म्हणजे पाणी आहेच की.

भो_काय_म्हनतस | ८ जून, रात्री ११.०२

आमना गावनी पन अशीच वाट बंद करी टाकी भो. आते बैलगाडी काय डोकावर लई जावानी?

प्लिंथलेव्हल | ९ जून, सकाळी ७.३०

सिव्हिलवाला आहे, अठरा वर्ष याच पट्ट्यात कामं केली म्हणून थोडं लांबण लावतो, सहन करा.

पाण्याचा हिशोब आधी. शहरी योजनेत माणशी रोजचं १३५ लिटर धरतात. २८०० माणसं म्हणजे रोज ३ लाख ७८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज ३८ खेपा. जलजीवनची गावची योजना माणशी ५५ लिटरने बसवलेली असते आणि तीही गावापुरती. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं (तीच वाघूर जी अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहते, बऱ्याच जळगावकरांना हे माहितीच नसतं), पण तुमचं गाव हद्दीबाहेर, म्हणजे ते पाणी तुम्हाला नाही. मग उरलं काय, बोअर. ५६० प्लॉटवर प्रत्येकाने एक एक बोअर मारली की शेजारच्या केळीच्या विहिरींचं काय होणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

आता नाला. ३८ एकर म्हणजे दीड लाख चौरस मीटरच्या वर. एका दणक्यात ५० मिलीमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडं जूनमध्ये सहज पडतो, तर फक्त त्या ३८ एकरांवर साडेसात हजार घनमीटर पाणी. आधी काय व्हायचं, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकायच्या. आता तिथं डांबर, पेव्हर ब्लॉक आणि स्लॅब. त्यातलं दोन तृतीयांश जरी वाहिलं तरी पाच हजार घनमीटर, शिवाय वरच्या शिवाराचं येणारं वेगळंच. त्या दोन नळ्या भरून वाहिल्या तरी तासाला फार तर तीन-साडेतीन हजार काढतील, तेही कपाशीच्या पऱ्हाट्या आणि ठिबकच्या फाटक्या नळ्या तोंडाशी अडकल्या नाहीत तर. अडकतातच. पाणी मग दोन्हीकडं चढणार, खाली गावात किंवा वर त्यांच्याच गार्डनमध्ये. लेक तिथं होईल बघा, चार तासांसाठी.

आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते संडासाचं पाणी. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. पाणी झिरपत नाही, पहिल्या पावसाळ्यात खड्डा तुडुंब. मग लोकं रात्री गुपचूप पाईप काढून नाल्यात सोडतात. मी बघितलंय, एका कॉलनीत नाही, बऱ्याच. बिल्डरला विचारा सांडपाणी प्रक्रियेचा प्लँट आहे का, नकाशात कुठाय ते बोट ठेवून दाखव म्हणावं.

कळण्याची_भाकरी | ९ जून, सकाळी ११.२०

नमस्कार, मी इथं फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. वर्णनावरून वाटतंय हा तोच प्रोजेक्ट, आम्ही त्यात प्लॉट घेतलाय. आम्ही दोघं नोकरीवाले, शहरात भाड्याने. रोज पेपरला हे वाचायचं की भाव वाढले, म्हणून घाई केली. आमचा प्लॉट २१४, कोपऱ्यात मोठं कडुनिंबाचं झाड आहे, खरं सांगते त्या झाडासाठीच घेतला. ४५ च्या उन्हात गेलो होतो, सगळीकडं नुसता धुरळा, त्या एका झाडाखाली गार वाटलं. मिस्टर म्हणाले हाच घेऊ.

दादा तुम्ही लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला. आता काय करायचं ते पण सांगा ना कुणीतरी.

सातबारा | ९ जून, दुपारी १.४५

ताई, घाबरू नका, क्रमाने बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त युनिट असली की महारेराची (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागतेच, प्लॉटच्या लेआउटलासुद्धा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, तो स्कॅन करा आणि तिथं चढवलेला मंजूर नकाशा डाऊनलोड करा. ऑफिसात भिंतीवर लावलेला रंगीत नकाशा मंजूर नकाशा नसतो, हे शंभरदा सांगून झालं तरी लोक त्याचाच फोटो काढून आणतात. किती पैसे दिले ते इथं लिहू नका, पण नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. जाहिरातीत खोटं सांगून पैसे घेतले असतील तर रेरा कायद्याचं कलम १२ बघा, व्याजासकट परत मागता येतात.

गिरणाकाठचे भाऊ, तुमच्या रस्त्याबद्दल. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ चा. ज्या साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले त्याच सालचा, पण आजही जिवंत आहे आणि फार कामाचा आहे. कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज, वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो मोकळा करून घेता येतो, आणि शेतातल्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक वाहता मार्ग अडवला तर तोही. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकाच कलमात. फक्त एक, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. कमान कधी उभी राहिली त्याची तारीख काढा, फोटो असेल तर उत्तम. आणि ते रजिस्टर, तुम्ही सही केलेलं पान, त्याचाही फोटो घ्या, वहिवाट असल्याचा पुरावा त्यांनीच तुमच्याकडून लिहून घेतलाय.

गिरणाकाठचा | ९ जून, दुपारी २.१०

हे डोक्यातच आलं नव्हतं राव. कमान पाडव्याला उभी राहिली, फुलं लावून नारळ फोडला होता, गावातल्यांनीच पेढे खाल्ले. मीही खाल्ला एक.

केळीवाला_नाना | ९ जून, रात्री ८.३०

मी बोलू का. त्या ३८ मधली साडेचार एकर माझी होती.

दोन दिवस वाचतोय, पोरगं मोबाईलवर दाखवतंय. विकणाऱ्याला शिव्या अजून कुणी घातल्या नाहीत, घालतील, म्हणून आधीच सांगतो. आमच्या वडलांपासून केळी. मृगबाग लावायचो. खत, रोपं, ठिबक, मजुरी सगळं वर्षभर घालायचं, बागेला चारी बाजूंनी शेवरी लावून वारं अडवायचं, आणि मे महिन्यात घड भरात आले की अर्धा तासाचं वादळ येतं आणि झाडं अशी झोपतात जशी कुणी हाताने निजवली. लागोपाठ दोन वर्ष झोपली. तिसऱ्या वर्षी माल चांगला आला तर भाव पडला, व्यापारी बांधावर येऊन हात हलवून गेला. पोरगं शिकलं, नाशिकला कंपनीत आहे, त्याला केळीत यायचं नाही आणि मी त्याला ये म्हणत पण नाही. गुडघे गेले. कोण करील? जे फेसबुकवर काळी माय काळी माय करतात त्यांनी एक वर्ष माझ्याबरोबर बागेत पाणी भरावं, मग बोलू.

पैसे आले, पोरीचं लग्न झालं, कर्ज फिटलं. रात्री झोप लागते. हे खरं आहे.

पण ताई, तुम्ही २१४ म्हणाल्या आणि कडुनिंब म्हणाल्या म्हणून लिहायला बसलो. ते निंबाचं झाड आमच्या विहिरीवरचं. विहीर वडलांनी खोदली, साठ फूट, वर मोट होती तेव्हाचं दगडी थारोळं, मोटेचं पाणी पडायचं ती जागा. जमीन ताब्यात दिली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विहीर बुजवली. मी बांधावर उभा होतो. थारोळ्याचे दगड, शेवरीची खोडं, केळीचे खुंट, सगळं आत लोटलं आणि वर मुरूम. तीन दिवस डंपर चालू होते. तुमचा प्लॉट नेमका त्यावर आहे का बाजूला ते मला सांगता येणार नाही कारण आता तिथं काही खूणच राहिली नाही, नुसतं सपाट. पण झाडाजवळच, एवढं नक्की.

कळण्याची_भाकरी | ९ जून, रात्री ८.५५

नाना, हात थरथरतोय टाईप करताना. आम्हाला तर सांगितलं की व्हर्जिन प्लॉट आहे, कधी काही नव्हतंच तिथं.

प्लिंथलेव्हल | ९ जून, रात्री ९.३०

नाना, तुम्ही हे लिहिलं हे फार मोठं काम केलं. ताई, आता घाई करून काहीही खोदू नका आणि पुढचा हप्ता थांबवता येत असेल तर थांबवा.

बुजवलेली विहीर म्हणजे पायाखालचा सापळा असतो. वरून टणक लागतं, रोलर फिरवलेला असतो. पण आत झाडांची खोडं, खुंट असला माल गेला असेल तर तो कुजतो आणि दरवर्षी थोडं थोडं बसत जातं. घराचा एक कोपरा विहिरीवर आणि तीन कोपरे मूळ जमिनीवर आले की पाचव्या-सहाव्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. एरवीही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, साधारण साडेतीन मीटरखाली गेलं की ही हालचाल थांबते, म्हणून इकडं नुसत्या उथळ फुटिंगवर घर बांधूच नये, खालून फुगवटा काढलेले अंडर-रीम पाईल घ्यावेत किंवा मुरूम लागेपर्यंत खाली जावं. पण विहिरीवर तेही सहज जमत नाही.

जुने लोक धाब्याची घरं बांधायचे ना, मातीच्या भिंती फूट-दोन फूट जाड, वर खाऱ्या मातीचं धाबं. ती हलली तरी वर्षाला लिंपून घेतली की झालं. आपल्या आरसीसीला लिंपण नसतं. (आणि मेमध्ये त्या धाब्याखाली कूलर लागत नव्हता, पण तो विषय वेगळा.)

जुना सातबारा काढा, विहिरीची नोंद असायची. गटाचा नकाशा घेऊन त्यावर लेआउट बसवून बघा, स्केल जुळवून. आणि सगळ्यात सोपं म्हणजे नाना जागेवर उभे राहून दाखवतील तर ते.

पुण्यातून_अधूनमधून | ९ जून, रात्री १०.०५

वर मी जे लिहिलं ते अजूनही मानतो की घरं पाहिजेत. पण विहीर बुजवून त्यावर प्लॉट विकणं हे काही डेव्हलपमेंट नाही, ही फसवणूक झाली. नाना, तुमच्या विकण्याबद्दल कुणी काही बोललं तर मला टॅग करा.

उधन्याचा_खान्देशी | ९ जून, रात्री १०.२०

साडूला धागा पाठवला. त्याचा प्लॉट ३९०. तो विचारतोय तिथं काय होतं?

केळीवाला_नाना | ९ जून, रात्री १०.४५

३९० म्हणजे खालच्या अंगाला असेल. तिथं आमची नव्हती. पण खालच्या अंगाला नाल्याचं वळण होतं, तिथं पाऊस झाला की दोन-दोन दिवस बैल घालता यायचा नाही, एवढं माहिती आहे.

ताई, मी येतो रविवारी. निंबाच्या खोडाला पाठ लावून तोंड गावाच्या मारुतीच्या कळसाकडं केलं की बावीस पावलांवर विहिरीचा काठ. ती पावलं माझ्या तरुणपणची. आता गुडघ्यांमुळे पाऊल तोकडं पडतं, सत्तावीस-अठ्ठावीस धरावी लागतील. बरोबर कुणीतरी टेप आणा.

चावडी (संपादन) | १० जून, सकाळी ९.००

प्रोजेक्टचं नाव, माणसांची नावं, फोन नंबर टाकू नका, दोन प्रतिसाद त्यासाठी काढलेत. बाकी चर्चा चालू द्या. भरीत पार्टीवर जे चाललंय ते कृपया वेगळ्या धाग्यावर.

भो_काय_म्हनतस | १० जून, सकाळी ९.१५

भरीत त्याच वावरमा करूत म्हनी ऱ्हायनू व्हतू, आते कालदिन पऱ्हाट्या पन विकत आननी पडतीन.

गिरणाकाठचा | १५ जून, रात्री ९.१०

अपडेट देतो. तहसीलला अर्ज दिला, बारा शेतकऱ्यांच्या सह्या. रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला, तिथला कारकून वाचून हसला पण पोच दिली. कमानीचा नारळ फोडतानाचा फोटो गावातल्याच एकाच्या स्टेटसवरून मिळाला, तारखेसकट.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला दमदार पाऊस झाला. तासभरच. नळ्यांच्या तोंडाशी काय अडकलं असेल? ठिबकच्या नळ्या, बरोबर. आणि बुकिंगच्या मंडपाचा फ्लेक्स. पाणी गार्डनमध्ये चढून वॉचमनच्या खोलीत शिरलं, पोरगं खाट डोक्यावर घेऊन आमच्या घरी आलं, रात्री आमच्याकडंच जेवला. तो म्हणे साहेबांनी सांगितलं सकाळपर्यंत फोटो काढू द्यायचे नाहीत कुणाला. मी म्हटलं आधी जेव.

कळण्याची_भाकरी | १५ जून, रात्री १०.३०

आम्ही आज गेलो होतो सगळे. नाना काठी घेऊन आले होते, प्लिंथलेव्हल दादा टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन. नानांनी निंबाला पाठ लावली, डोळे मिटल्यासारखे केले आणि चालायला लागले, मध्ये एकदा थांबून म्हणाले इथं पाट होता आणि चक्क त्यावरून पाय उचलून पुढं गेले. सव्वीस पावलं झाली. दादांनी तिथून काठीने ठोकत ठोकत गोल धरला आणि चुना टाकला. शुक्रवारच्या पावसाने बाकी जमीन घट्ट झालेली पण त्या गोलात टाच रुतत होती. बाजूलाच मुरमाच्या ढिगाऱ्यात थारोळ्याचा एक दगड अर्धा वर आलेला, दोराने घासून पडलेली खाच तशीच. नाना त्यावर बसले थोडा वेळ, काही बोलले नाहीत, मी थर्मासमधला चहा दिला.

पैसे परत मागायचा अर्ज सातबारा दादा बघून देणार आहेत. मिस्टरांचं अजून चाललंय की झाड चांगलं आहे, दुसरा प्लॉट बदलून मागू का.

आता खरा प्रश्न. चुन्याचा गोल टेपने मोजला तर विहिरीचा जेमतेम तिसरा हिस्सा आमच्या २१४ मध्ये येतो, बाकी सगळी २१३ मध्ये. २१३ वर 'सोल्ड'ची पाटी आहे. ऑफिसात विचारलं तर नाव सांगत नाहीत. कुणाच्या ओळखीतल्या कुणी घेतला असेल तर एवढा धागा त्यांना दाखवा, चुना आहे तोवर येऊन बघून जा म्हणावं.